आधी आठवडा सांग

“औषध घेतलंय पोरानं. बाटली शोधून आणा,” डॉक्टर म्हणाले.

पोरगा दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर आडवा पडला होता. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम. सदरा पिळून काढावा इतका ओला. मांडीचं मांस आपोआप उडत होतं, बैलाच्या अंगावर माशी बसली की कातडं उडतं तसं. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. आमच्या भागात फवारणीची औषधं घरोघर असतात. त्यामुळे ‘औषध घेतलं’ म्हटलं की दुसरा अर्थ कुणी काढत नाही.

“इंजिनिअरिंगचा ना?” कंपाउंडर म्हणाला. “अभ्यासाचं टेन्शन. दुसरं काय असणार?”

डॉक्टरांनी एक सुई टोचली होती. पण कुठलं औषध पोटात गेलं हे कळेपर्यंत पुढचं अडलं होतं. पोराला जीपमधून घेऊन आलेला त्याचा सोबती बाटली हुडकायला खोलीकडे पळायच्या बेतात होता. तेवढ्यात ती दारातून आत आली आणि त्या सोबत्याचा सदरा मागून धरला.

“बाटली न्हाई मिळायची,” ती म्हणाली. “यानं काय घेतलेलं न्हाई. याचा आठवडा मला माहितीये.”

डॉक्टरांनी मान वर केली. “तू कोण? नर्सिंगची का?”

“न्हाई. मी बी.ए. हाय.”

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. माझ्याच खानावळीत जेवायला आलेला पोरगा असा पडला होता. तशा वेळी तिचं ते उत्तर ऐकून तिच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. पुढचं सांगण्याआधी ती कोण होती ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी आगाऊ होती. आगाऊ होतीच. पण तेवढीच नव्हती.

मी वारूळवाडीत खानावळ चालवायचे. चौथीपर्यंत शिकलेय, त्याच्यापुढे काय शिकतात ते मला माझ्या ओसरीवर कळलं. दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या बाजूला कॉलेजं निघाली. आळे, ओतूर, मंचर, कुठकुठली पोरं येऊन खोल्या घेऊन राहायला लागली. नावं माझ्या लक्षात राहत नसत, म्हणून ज्याला त्याला मी त्याच्या शिक्षणावरून हाक मारायचे. “ए डी.एड., पाणी घे.” “शेतकी, पाय धुऊन ये, चिखल आणलायस सगळा.” “इंजिनिअर, ताट उचल, तुझी आई नाही इथं.” पोरंही आपापसांत तशाच हाका मारायला लागली.

चूल एक, तवा एक. गरम भाकरी एका वेळी एकाच्याच ताटात पडणार. पहिल्या भाकरीवरून पोरांची ढकलाढकली व्हायची. म्हणून मी नियम केला, ज्याला आज काम जास्त त्याचं पहिलं ताट. मला वाटलं भांडण मिटेल. तुम्हीच सांगा, असं भांडण मिटतं का? दुसऱ्याच दिवसापासून जो तो कपाळाला हात लावून यायला लागला.

“मावशी, मरतो मी. अजून ड्रॉइंगच्या चार शीट बाकी हायेत.” हा इंजिनिअर. तो रोज मरायचा.

“तुला निदान खुर्चीत बसून मरायला मिळतं,” शेतकी म्हणायचा. “आमी सकाळी सहाला प्लॉटवर. खुरपं धरून हात बघ.”

“खुरपं काय, तुझ्या घरी बी तेच करतोस की. फी भरून करतोस एवढाच फरक.”

“आन् तू काय करतोस राव? दुसऱ्याची शीट काचेवर धरून गिरवतोस!”

डी.एड.चा पोरगा या दोघांत मार खायचा. तो पुठ्ठ्याची घड्याळं कापायचा, काड्यांचे गठ्ठे बांधायचा, कागदाचा कोंबडा करायचा. का, तर उद्या पाठ घ्यायचाय. बाकीचे खदाखदा हसायचे. “मावशी, याला पहिलं ताट द्या, याचा कोंबडा रंगवायचा राहिलाय!”

अशा गोंधळात ती आली. माझ्या मागच्या खोलीत दोन मुली भाड्याने राहायच्या. एक नर्सिंगची आणि एक ही. वडील पारगावच्या बाजूला साखर कारखान्यावर फिटर. ही उंच, हडकुळी, चालताना पुढे झुकणारी, जणू पुढे काय आहे ते पायांच्या आधी डोळ्यांना बघायचंय. तिला बी.ए.ला घातलं होतं ते डी.एड.चा नंबर लागेपर्यंत बसून राहू नये म्हणून. बी.ए.ला काम नसतं हे माझ्या ओसरीवर सगळ्यांना मान्य होतं. तिलाही मान्य होतं. ती पहिलं ताट कधी मागायची नाही. भिंतीला टेकून उभी राहायची आणि ऐकायची.

चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी इंजिनिअर मरायला लागला तशी ती पुढे आली. डाव्या हाताची मूठ त्याच्या नाकासमोर धरली.

“आधी आठवडा सांग,” म्हणाली. “मग रड.”

“म्हंजी?”

“सोमवार.” आणि करंगळी उघडली.

तो सांगायला लागला. ती एकेक बोट उघडत गेली. सकाळी काय, जेवणानंतर काय, घरी आणायचं काय. गुरुवारी तो अडखळला.

“गुरुवारी दुपारी काय?”

“वर्कशॉप.”

“वर्कशॉप मंगळवारी म्हणलास.”

“...दोनदा असतं.”

“दोनदा असतं तर मंगळवारी ‘एकदाचं झालं’ का म्हणलास?”

ओसरी हसून लोळली. इंजिनिअरचं पहिलं ताट गेलं, डी.एड.ला मिळालं, कारण त्याच्या आठवड्यात एकही दुपार मोकळी निघाली नाही. सकाळी शाळेत पाठ, दुपारी स्वतःचे तास, संध्याकाळी तो कोंबडा. त्या दिवसापासून पहिल्या ताटाचा न्याय तिच्याकडे गेला. मी तवा सोडून भांडणं कधी सोडवणार? मलाही बरंच झालं.

तुम्हाला वाटेल तिला न्याय करायची हौस होती. तसं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. निकाल लागला तरी तिचे प्रश्न थांबायचे नाहीत. “पाठ घेताना पोरं ऐकतात का रं? न्हाई ऐकली तर मार्क कुणाचे कापतात, तुझे?” “शीट गिरवायला काच कशाला?” काच कशाला हे विचारून ती थांबली नाही. माझ्या कपाटाची काच काढली, दोन पाटांवर ठेवली, खाली दिवा लावला आणि इंजिनिअरची शीट कशी गिरवतात ते स्वतः गिरवून बघितलं. मी ओरडले तर म्हणाली, “मावशी, काम वाईट न्हाई, पण मान लई दुखती.” काच परत बसवताना कोपरा उडाला. तो तसाच आहे.

एकदा डी.एड.च्या पाठाला ती शाळेत मागच्या बाकावर चौथीच्या पोरांत जाऊन बसली. सर म्हणाले ही कोण, तर डी.एड. म्हणाला माझी बहीण. शेतकीबरोबर एका पहाटे प्लॉटवरही गेली. पायाला फोड घेऊन आली आणि आल्या आल्या मला सांगायला लागली, “मावशी, त्यांच्यात गंमत माहितीये का? पहिल्या वर्षाची पोरं खुरपतात आन् तोडणी करतात. तिसऱ्या वर्षाची फवारतात. बुधवारी सकाळी. आन् याला इचारलं की तिसऱ्या वर्षाचं काय असतं, तर म्हणतो आपल्याला काय करायचंय!” हे तिला फार नवल वाटलं होतं. एकाच रानात काम करून शेजारच्या वाफ्यावर काय चाललंय ते माणसाने विचारू नये याचं.

मी म्हणाले, “तुला तरी काय करायचंय?”

“बघतीये,” म्हणाली.

हे तिचं दुसरं ठरलेलं वाक्य. सगळ्यांचे बेत पक्के असायचे. डी.एड. म्हणायचा दोन वर्षांत झेडपीची शाळा, मग लग्न. इंजिनिअरला चाकणची कंपनी हवी होती. शेतकी परीक्षा देऊन साहेब होणार होता. शेती शिकायला आलेल्यांत शेती करीन म्हणणारा मला एकही भेटला नाही. नर्सबाईला मुंबईचा मोठा दवाखाना दिसायचा. आणि हिला विचारलं, तुझं काय गं? “बघतीये.”

“बघून बघून म्हातारी होशील.”

“मग तुमच्याकडं येईन भाकऱ्या थापायला.”

नर्सबाई या कज्ज्यात कधी पडली नाही. ती आली की भिंतीला डोकं टेकायची. एकदा घास हातात धरून झोपली. हिने तिच्यापुढे मूठ धरली, आठवडा विचारला. नर्सबाई डोळे न उघडता म्हणाली, “सहा दिवस ड्यूटी. सातव्या दिवशी कपडे धुते.” हिने मूठ खाली घेतली आणि त्या आठवड्यात पहिलं ताट दुसऱ्या कुणाला दिलं नाही. इंजिनिअर कुरकुरला, “तिला कुठं ड्रॉइंग हाय?” तर म्हणाली, “तुझी शीट चुकली तर खोडता येती.” नर्सबाईला उशिरापर्यंत ड्यूटी लागली की तिचा डबा सरकारी दवाखान्यात ही स्वतः पोचवायची. डब्याचं निमित्त. वॉर्डात काय चालतं ते दारातून बघत उभी राहायची.

एकदा मलाही सोडलं नाही. मी चुलीपुढे बसलेले, हिने मूठ धरली. “मावशी, तुमचा आठवडा सांगा.”

“सोमवारी भाकरी.”

“मंगळवारी?”

“भाकरी. रविवारपर्यंत तेच. आता मूठ मिट आणि बाजूला हो, जाळ लागतोय.”

ती बाजूला झाली नाही. पोरांकडे वळून म्हणाली, “आज पहिलं ताट मावशीचं.”

“वाढणार कोण, तुझा बाप?” मी म्हणाले.

तर तीच बसली तव्यापुढे. भाकरी थापायला घेतली ती परातीतच फाटली. तव्यावर टाकली ती अशी की एका बाजूने जुन्नर तालुका, दुसऱ्या बाजूने आंबेगाव. मध्ये कच्ची. मी खाल्ली. कारण सांगते, पीठ फुकट घालवायचं नव्हतं. पण खानावळ काढल्यापासून पहिलं ताट माझं असं तेवढंच एकदा झालं, हेही खरं.

आता त्या दिवसाचं सांगते.

चैत्र होता. उन्हाने ओसरी तापलेली असायची. इंजिनिअरचं सबमिशन संपलं होतं. गावच्या जत्रा सुरू झाल्या होत्या, शुक्रवारी त्याच्या गावची होती. बैलगाडे पळणार, पाहुणे येणार, आणि त्याला डी.एड.चा पांढरा सदरा हवा होता. दोन दिवस तो त्याच्या मागे लागला होता.

संध्याकाळी शेतकी पिशवीभर काकड्या घेऊन आला. ते नेहमीचंच होतं. तोडणी झाली की वाकडी-तिकडी काकडी, टोमॅटो, वांगी पोरं घेऊन जायची. शेतकीने पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि दात काढले. “मावशी, जत्रंपायी शनिवारची तोडणी आज दुपारीच निघाली, ती बी माझ्या एकट्याच्या अंगावर पडली. पहिलं ताट माझं.” न्याय करणारी डबा घेऊन सरकारी दवाखान्यात जायला निघाली होती. तिला घाई होती. “दे मावशी त्याला,” एवढंच म्हणून गेली. ती निघण्याआधी मी डब्यात त्यातल्याच एका काकडीच्या चार फोडी टाकल्या होत्या.

बाकीच्या काकड्या धुतल्या, दोन पाण्यांनी, नेहमी धुते तशा. कापून मीठ लावून ताटलीत ठेवल्या. इंजिनिअर आला आणि चुलीपाशी न येता लांबच बसला.

“मावशी, आज मला शेवटी वाढा. आज माझं कायबी काम न्हाई.”

इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा आलं. मला हसू आलं. शेतकीला वाढलं, डी.एड.ला वाढलं, आणि आपली पाळी येईपर्यंत हा त्या ताटलीजवळ बसून बकऱ्यासारखा काकडी खात राहिला. शेतकीने एक-दोनच फोडी घेतल्या. दुपारभर तोडल्यावर त्याला काकडीचा वीट आलेला. डी.एड.ने त्याच्यापेक्षा थोड्या जास्त. मीही मीठ बघायला दोन खाल्ल्या. ताटलीचा तळ दाखवला तो इंजिनिअरने. शेतकी जेवून त्याच्या खोलीवर निघून गेला.

इंजिनिअरची भाकरी तव्यावर होती तेव्हा तो म्हणाला, “मावशी, मळमळतंय.” मी म्हणाले, “काकडीनं पोट भरलं असंल.” मग म्हणाला, “मावशी, मरतो मी.” आता हे तो रोजच म्हणायचा. डी.एड. तर हसला. आम्ही वळून बघितलं तेव्हा तो कुशीवर पडला होता आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

रस्त्यावरून जाणारी वडाप जीप थांबवली, बसलेले लोक उतरवले, पोराला आत घातलं. मी आणि डी.एड. बरोबर. नारायणगावच्या त्या खाजगी दवाखान्यात पोचलो. ही डबा देऊन परत आली, ओसरीवर कुणी नाही, तव्यावर भाकरी करपलेली. शेजारणीने सांगितलं तशी ती धावत आली, आणि पुढे काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तू कोण, आणि ही म्हणाली, मी बी.ए. आहे.

डॉक्टर चिडले. “बी.ए. असो नाहीतर कुणी. वेळ घालवू नको. बाटली—”

“सर, याचं सबमिशन काल झालं. आज याला काम नव्हतं. शुक्रवारी याची जत्रा हाय, त्याच्यासाठी यानं याचा सदरा मागून ठेवलाय.” तिने डी.एड.ला दंडाला धरून पुढे केलं. “शुक्रवारसाठी सदरा मागणारा माणूस बुधवारी कशाला मरंल?”

डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. डी.एड. रडायला लागला. “देतो म्हणलं व्हतं मी,” एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं.

“मग खाल्लं काय यानं?” डॉक्टरांनी हे मला विचारलं, आणि ज्या नजरेने विचारलं ती मला आवडली नाही. पण उत्तर द्यायचं होतं.

“जेवलाच नाही अजून,” मी म्हणाले. “नुसती काकडी खाल्ली.”

“कुठली काकडी?”

“शेतकी कॉलेजच्या प्लॉटवरची.”

हे माझ्या तोंडून गेलं आणि मी तिच्याकडे बघितलं. तिची मूठ वर आली होती. कुणाच्या नाकासमोर नाही, स्वतःच्याच. करंगळी उघडली, तिच्या शेजारचं उघडलं, मधलं उघडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार.

“आज बुधवार,” ती म्हणाली. “तिसऱ्या वर्षाची फवारणी असती. सकाळी. आन् पहिल्या वर्षानं दुपारी तोडली. त्यांना एकमेकांचं माहितीच नसतं, सर. इचारतच न्हाईत.”

बघा, केवढ्याशा गोष्टीवर सगळं अडलेलं होतं. सकाळच्या वर्गाने फवारलं, ते त्यांचं काम होतं. दुपारच्या वर्गाने तोडलं, ते त्यांचं. दोघांनी आपापलं चोख केलं. मधली गोष्ट कुणाच्याच आठवड्यात नव्हती.

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला. तिला शेतकी कॉलेजच्या वसतिगृहाचा नंबर पाठ नव्हता, पण त्या वसतिगृहासमोरच्या टपरीचं नाव माहीत होतं, आणि कंपाउंडरला टपरीवाल्याचा नंबर. टपरीवाल्याने तिसऱ्या वर्षाचा पोरगा बोलावला. त्याने सरांना. सरांनी औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी ते पुन्हा एकदा म्हणून घेतलं, फोन ठेवला आणि कंपाउंडरला दुसरी सुई भरायला सांगितली. यात माझा आणि डी.एड.चा उपयोग शून्य. आम्ही भिंतीला चिकटून उभे.

तेवढ्यात ती मोठ्याने ओरडली. “नर्सबाईचा डबा!”

तो डबा तिने स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता. तिचा चेहरा मी तेव्हा बघितला. डी.एड.ने दाराबाहेर लावलेली कुणाची तरी सायकल उचलली आणि सरकारी दवाखान्याकडे पळवली.

मी म्हणाले, “बस खाली.” बसली नाही. इंजिनिअरच्या पायाशी उभी राहून त्याच्या मांडीचं मांस उडतंय का थांबतंय ते बघत राहिली.

डी.एड. आला तो हातात डबा घेऊन. न उघडलेला. वॉर्डात तीन बाळंतपणं एकदम आली होती, नर्सबाईला घास घ्यायला फुरसत नव्हती. डी.एड.ने डबा मागितला तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली होती, “आता तुमी माझं जेवण बी काढून नेता का?” कामाने माणूस मरतं असं माझ्या ओसरीवर रोज बोलणं व्हायचं. नर्सबाई कामाने वाचली.

डबा टेबलावर ठेवला आणि डी.एड. दवाखान्याच्या पायरीवर जाऊन भडाभडा ओकला. त्यालाही खाटेवर घेतलं. कंपाउंडर शेतकीला त्याच्या खोलीवरून आणायला गेला. तो पोट धरून गोधडीत पडलेला मिळाला. त्याला समजलं की काय झालं तेव्हा त्याची दातखीळ बसायची बाकी होती. “मी मारलं त्याला, मी मारलं,” असं चाललेलं. ती त्याच्याजवळ गेली. मला वाटलं आता धीर देईल. पण तिने मूठ पुढे धरली.

“आधी आठवडा सांग.”

“काय सांगू? मी—”

“सोमवार.”

तो हुंदके देत सांगायला लागला. सोमवारी खुरपणी, मंगळवारी तास, बुधवारी तोडणी. गुरुवारपर्यंत येता येता त्याचा श्वास जागेवर आला. ही तिची धीर द्यायची रीत. मी दुसऱ्या कुणात बघितली नाही.

मग ती माझ्याकडे वळली. “मावशी, तुमी किती खाल्ली?”

“मला काही झालेलं नाही.”

“हात दाखवा.”

हात थरथरत होता. मी तो पदराखाली धरला होता. तिने डॉक्टरांना हाक मारली. त्यानंतरचं मला सगळं नीट आठवत नाही. बाकावर आडवं केलं, सुई टोचली, घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. वयामुळे म्हणा, माझं पोरांपेक्षा जड गेलं. जाग आली तेव्हा खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं आणि ती डॉक्टरांसमोर मूठ धरून बसली होती. डॉक्टर मंगळवारापर्यंत पोचले होते आणि स्वतःच हसत होते, कारण त्यांचा मंगळवार सोमवारच्या पोटातच सुरू होत होता.

नंतर दोन-चार लोक खानावळीवर बोलले. बोलू देत. शेतकीच्या कॉलेजात फवारलेल्या वाफ्यावर लाल फडकं बांधायला लागले, असं शेतकीने सांगितलं. इंजिनिअरची जत्रा हुकली. सदरा मात्र त्याने डी.एड.कडून घेतलाच, आणि परत दिला नाही.

त्या उन्हाळ्यात जो तो तिला ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले नर्सिंगला जा. नर्सबाई म्हणाली, “ये, पण झोप करून ये.” इंजिनिअरची आई नारळ घेऊन आली आणि म्हणाली ही डॉक्टर होणार. शेतकीचे सर म्हणाले आमच्याकडे ये. डी.एड. म्हणाला आपल्याकडं सुट्ट्या असतात. ती ज्याला त्याला मूठ दाखवायची, बोटं उघडून घ्यायची आणि म्हणायची, “बघतीये.”

तिचे वडील आले तेव्हा मी वाटच बघत होते. पोरगी जिथे राहते तिथे असलं काही घडलं, म्हटल्यावर बाप घेऊन जाणारच. तिचा डी.एड.चा नंबरही लागला होता, लांबच्या गावी. फिटर माणूस, बोटांच्या पेरांत ग्रीस. ओसरीवर बसला, पाणी प्यायला. ती समोर बसली.

“आबा, तुमचा आठवडा सांगा.”

“माझा काय आठवडा? कारखान्याचा भोंगा सांगंल तो.”

“तरी सांगा की. तुमचा कधी इचारलाच न्हाई मी.”

तो सांगायला लागला. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी, गाळप संपलं की दुरुस्ती. ती मध्ये मध्ये विचारत राहिली, रोलर कसा उतरवतात, गरम असतो का, चुकलं तर काय होतं. तो माणूस आधी अवघडला, मग हातवारे करून सांगायला लागला. एवढं बोलताना त्याला कुणी बघितलं नसावं. उठताना मला म्हणाला, “बी.ए. पुरी करू द्या हिला. मग बघू.” मी मनात म्हटलं, घ्या, हाही बघणारच.

बी.ए. पुरी करून ती गेली. एस.टी.त बसवायला मी गेले नव्हते, मला चूल होती. पण गाडी आमच्या वारूळवाडीच्या थांब्यावर थांबली तेव्हा मी पाणी भरत होते, आणि खिडकीत ती दिसली. मला वाटलं हात करेल. तिचं लक्षच नव्हतं. कंडक्टर तिकीट फाडत होता आणि तिची मूठ त्याच्या नाकासमोर होती. करंगळी उघडलेली. गाडी गेली.

पुढे ती काय झाली ते मला ठाऊक नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. इंजिनिअर म्हणतो वकील झाली. डी.एड. म्हणतो तलाठी झाल्याचं ऐकलं. नर्सबाईने तिला पुण्याच्या एका दवाखान्यात बघितलं म्हणे, पण पेशंट होती की कामाला होती ते विचारायला वेळ मिळाला नाही. प्रत्येकाचं खरं असेल. तिचा एक आठवडा मला कुणी सांगितला तर मी विश्वास ठेवीन.

त्या दिवशी माझ्या ओसरीवरची काकडी चौघांनी खाल्ली. इंजिनिअर, शेतकी, डी.एड. आणि मी. चौघंही जगलो.